कोपऱ्यातलं नाव

त्या वर्षी आमच्या घरात दिवाळी हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी काढलाच तर माय पेटलेल्या चुलीत उगीच फुंकर मारत बसायची आणि आबा टोपी डोक्यावर चढवून बाहेर चालू लागायचे. परतूरात कापसाचा हंगाम भरात आला होता. स्टेशनाकडच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज पहाटेपासून, आणि सगळ्या गावावर सरकीचा तो तेलकट, गोडसर वास. जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की आबा जायचे आणि भोंगा झाला की जेवायला यायचे. त्यांचं काम गाठींवर मार्का मारायचं. कापूस दाबून गाठ बांधली की तिच्यावर पत्र्यातून कापलेली अक्षरं ठेवायची, वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा, म्हणजे कुणाची गाठ, कोणत्या प्रतीची, ते उमटलं. ती पत्र्याची अक्षरं आबा स्वतःच्या हातानं कापायचे. त्यांचा ‘क’ असा काही डौलदार यायचा की मी शाळेतही तसाच काढायची आणि मार खायची. त्यांच्या नखांतला काळा रंग कधी म्हणून निघाला नाही. माय म्हणायची, “तुमच्या हाताला रंग न्हाई लागलेला, रंगाला तुमचे हात चिकटलेत.” पूर्वी या बोलण्यावर आबा हसायचे. त्या वर्षी हसत नव्हते.

कारण आक्का. माझी थोरली बहीण कुसुम, तिला मी आक्का म्हणायची. तिचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, घनसावंगीकडच्या एका खेड्यात. उसाचा मळा, दारात दोन म्हशी, माणसं खाऊनपिऊन सुखी. अक्षता वेळेवर पडल्या, आणि पंगतीत घात झाला. नवरदेवाच्या मामाला बांधायचा मानाचा फेटा आबांनी आणला होता, चांगला भारीतला. पण घाईगडबडीत तो ट्रंकेतच राहून गेला. मामा ताटावरून उठला. आक्काची सासू गयाबाई भर मांडवात हात नाचवून म्हणाली, “गाठीवर काळं फासणाऱ्याला मानपान काय कळतोय!” जिलबी वाढणारा पोरगा वाकलेला तसाच थांबला. आबा तिथं एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र बोलले. “त्या बाईनं तिच्या तोंडानं ‘चुकले’ म्हणल्याबिगर मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई. आन या घरातून त्या घराला पत्र बी जाणार न्हाई. बिलकुल न्हाई.” चार दिवसांत तिकडूनही निरोप आला, इवाई, म्हणजे आबा, स्वतः न्यायला आल्याबिगर सून धाडणार न्हाई.

आमच्याकडं लेक सणाला आपली आपण उठून माहेरी येत नसते. माहेरचा माणूस मुराळी होऊन तिला आणायला जावा लागतो, भाऊ नाहीतर बाप. भाऊ आम्हाला नव्हता. मग काय, पंचमी गेली, आक्का नाही. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, आक्का नाही. शेजारच्या पोरी झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या तेव्हा माय दार लोटून घ्यायची. मध्येच बांगड्या विकणारा कासार त्या खेड्याच्या बाजाराहून आला आणि सांगून गेला, “तुमच्या पोरीला दिवस गेलेत, तोंड उतरून गेलंय, पण बरी हाय.” माय त्या दिवशी आधी हसली आणि मग भाकऱ्या थापता थापता रडली. आबांनी ऐकलं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही. लग्नानंतरची पहिली दिवाळी, पोटुशी लेक, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी हटून बसलेली. आता माझ्या वयात मला त्या दोघांचाही राग येतो. तेव्हा मला फक्त आक्का पाहिजे होती, कारण रात्री मला तिच्या कुशीशिवाय झोप येत नव्हती.

आमच्या शाळेत त्याच वर्षी साळवेबाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं हळू. त्यांच्याआधी चित्रकलेचा तास म्हणजे गुरुजींनी फळ्यावर पोपट काढायचा आणि आम्ही तोच पोपट वहीत उतरवायचा. चोच वाकडी झाली की कान पिरगाळला जायचा. बाईंनी आल्या आल्या फळा पुसला तो पुसलाच. दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस उरले तेव्हा म्हणाल्या, “या वर्षी प्रत्येकीनं आपल्या हातानं दिवाळीचं कार्ड करायचं. ज्या माणसाला बघावंसं वाटतंय, त्या माणसासाठी.” एका पोरीनं मामासाठी बाजारातलं कार्ड आणून दाखवलं, त्याच्यावर गुलाबी कमळ होतं. बाईंनी विचारलं, “तुझ्या घरी कमळ आहे का गं?”

“न्हाई बाई.”

“मग काय आहे?”

“म्हैस हाय!” सगळा वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. “मग म्हैस काढ,” म्हणाल्या. “तुझ्या मामाला कमळापेक्षा म्हशीची जास्त आठवण येत असेल.” रंगपेटी नाही म्हणून रडणाऱ्या पोरींना त्यांनी सांगितलं की घरात हळद आहे, कुंकू आहे, नीळ आहे, काजळ आहे, आणखी काय पाहिजे? आम्हाला कुणी कधी असं विचारलंच नव्हतं. आम्ही सगळ्या त्या दिवशी घरी पळत गेलो.

मायला मी सगळं सांगितलं आणि भीत भीत म्हणाले, “मी आक्काला करणार हाय.” माय बराच वेळ पीठ चाळत राहिली. मग म्हणाली, “आबानं पत्राला बंदी केलीया. चित्राला थोडीच केलीया? कर तू.” आणि स्वतः उठून तिनं फडताळातून कुंकवाचा करंडा काढून दिला. आहेरात आलेल्या धोतराच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा मी कापून घेतला. त्याच्यावर आमचं दार काढलं, दारापुढं रांगोळी, रांगोळीत तीन पाट. दिवाळीच्या पहाटेच्या अंघोळीला मांडतात तसे. दोन पाटांवर पणत्या, मधला पाट रिकामा. त्याच्याभोवती हळदीनं नक्षी भरली, दाराला कुंकू, आभाळाला नीळ, आणि आबांच्या सदऱ्याला चिकटून येतो तो कापूस गोळा करून डिंकानं ढग चिकटवले. शाळेत दाखवायला नेलं तेव्हा बाईंनी विचारलं, “हा पाट रिकामा का?”

“आक्काचा हाय.”

बाईंनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. “हे पाठव बरं का,” म्हणाल्या. “नक्की पाठव. आणि कुणी पाठवलं तेही सुंदर लिही, नाव म्हणजेसुद्धा चित्रच असतं.” मग मी चार कोपऱ्यांत चार नावं काढली, आबांच्या मार्क्यासारखी जाडजूड. वर आबा आणि माय, खाली आक्का आणि मी, सुमन. आमचं चौघांचं घर चार कोपऱ्यांत बराबर बसलं. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी ते बाजेवर वाळत ठेवून लांबून, जवळून, वाकून, पुन्हा पुन्हा बघत होते.

माय हापशावर पाणी आणायला गेली होती आणि आबा लवकर आले. मला कार्ड लपवायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी ते उचललं. मी चुलीजवळ उभी. आबा खूप वेळ बघत होते. ढगावरून त्यांनी बोट फिरवलं, कापूस ओळखला असणार. ‘आबा’मधल्या ‘ब’वर त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, आता म्हणतील, छान काढलाय. त्यांनी विचारलं, “कुणाला हे?”

“आक्काला.”

“माझं नाव टाकायला कुणी सांगितलं?”

मी बाईंचं नाव घेतलं नाही. कुणाचंच घेतलं नाही. आबांच्या गळ्याची शीर वर आली होती. “तुझ्या बहिणीला तू धाड काय धाडायचं ते. मी न्हाई त्याच्यात. माझं नाव त्या घरात जाणार न्हाई,” असं म्हणून त्यांनी कार्डाचा तो कोपरा धरला आणि टर्रकन फाडला. फाडून चुलीत टाकला. कार्ड मात्र त्यांनी हळूच होतं तसं बाजेवर ठेवलं, आणि परत बाहेर गेले.

मी रडले, पण आवाज न करता. मायला कळलं असतं तर दोघांचं जुंपलं असतं, आणि कार्ड जायचं राहिलं असतं. म्हणून मी कात्री घेऊन फाटलेली कड तिरकी, सरळ कापली, बघणाऱ्याला मुद्दाम केल्यासारखी दिसावी म्हणून. खाकी कागदाचं पाकीट पिठाच्या खळीनं चिकटवून ठेवलेलंच होतं. त्यात घातलं, तोंड बंद केलं आणि सकाळी शाळेत जाता जाता पेटीत टाकलं. मायनं विचारलं तेव्हा म्हणाले, “गेलं.” माय मनातून खूश झाली, तिनं मला गुळाचा खडा दिला.

पुढचे काही दिवस मी उत्तराची वाट बघत होते. सुट्टी लागली होती. गल्लीत पत्र आलं की वाचायला मलाच बोलवायचे, कारण बायकांत वाचणारी मी एकटी. त्या दिवशीही शेजारच्या गोदामावशीनं हाक मारली. पण हाक वेगळीच होती. पोस्टमन त्यांच्या दाराच्या बराच अलीकडं उभा होता, नेहमीसारखा ओट्यावर टेकला नव्हता. गोदामावशी अंगणात मातीतच बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

“अगं मावशी, अजून वाचलंच न्हाई मी, आन तू रडून काहून राह्यली?”

“कोपरा बघ ना माय,” ती म्हणाली. “कोपरा फाडलाय ना त्याचा.”

मी पोस्टकार्ड हातात घेतलं. वरचा कोपरा फाडलेला होता. आत लिहिलं होतं, केदारखेड्याचे चुलत दीर देवाघरी गेले. माझं वाचून झाल्यावर मावशीनं ते घरात नेलं नाही. तिथंच उभ्या उभ्या फाडलं, तुकडे नालीकडं टाकले, हातावर पाणी घेतलं. मलाही म्हणाली, “हात धू. मौतीचं पत्र घरात न्हेत नसतेत. कोपरा दिसला की वळखायचं.” अशी पत्रं आजवर मला वाचायला कुणी दिलीच नव्हती, मोठ्या माणसांनाच बोलवायचे. मला हे ठाऊकच नव्हतं. पाणी माझ्या हातावरून गळत होतं आणि मला दिसत होतं आमचं कार्ड. एक कोपरा नाही. उरलेल्या तीन कोपऱ्यांत माय, आक्का, सुमन. आबा नाहीत.

आज नातवंडं मला विचारतात, आजी, एवढं घाबरायचं काय त्यात, फोन करून सांगायचं ना. अरे बाबांनो, फोन होता कुठं? त्या खेड्यात टपाल बाजाराच्या दिवशी जायचं, आणि बाजार कालच होऊन गेला होता, म्हणजे आमचं कार्ड पोचलंच होतं.

मी घरात गेले आणि मायला सगळं सांगून टाकलं. आबांनी कोपरा फाडल्याचंसुद्धा. माय अनारशाचं पीठ मळत होती. तिनं तसाच पिठाचा हात कपाळाला लावला. “अगं माय माय माय! अगं, दोन जिवांची हाय ती! तिला वाटंल बाप गेला. धक्क्यानं काय झालं म्हंजे?” मग एकदम उठली, आरशापुढं गेली आणि कपाळावरचं कुंकू बोटानं दाबून दाबून मोठं केलं.  तिकडं कुणीतरी मनातल्या मनात ते पुसलं असेल, हे तिच्या डोक्यात आलं असणार. ते बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

भोंगा झाला. आबा जेवायला आले, पाटावर बसले. मायनं ताट वाढलंच नाही. समोर उभी राहून म्हणाली, “तुम्ही मेलात.”

“काय बोलून राह्यलीस?”

“तुमच्या हातानं मेलात. पोरीच्या कार्डाचा कोपरा फाडून धाडलाय तुम्ही, सगळ्यांची नावं ठिवून आपलं तेवढं काढून घेतलंय. आता तिथं काय चाललं असंल सांगा बरं मला?”

आबांना ते समजायला एक क्षण लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. रागात माणसाला आपला हात काय करतोय ते दिसत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. जन्मभर अशी पत्रं वाचलेला माणूस, पण फाडताना त्यांना फक्त आपलं नाव दिसलं होतं, कोपरा दिसलाच नव्हता. ते पुटपुटले, “तार करतो. जल्दी तार करतो.”

“तार! तार काय बारशाची येत असती का? तार बघितली की वाचायच्या आधी पोरगी खाली पडंल.”

“मंग माणूस धाडतो कुणीतरी.”

“आन तो काय म्हणंल? इवाई जित्ते हायत म्हणंल. कुणाला खरं वाटंल ते? पोटुशी पोर हाय म्हणून खोटंच सांगून राह्यला, असंच म्हणतेल समदे. आपण न्हाई का तसंच सांगत?” माय आता रडत होती, पण बोलायचं थांबत नव्हती. “तुम्हीच जायला पाह्यजे. तुमचं तोंड दिसल्याबिगर ती इस्वास ठेवणार न्हाई. इज्जत घ्या आन चुलीत घाला, तो कोपरा घातला तशी.”

आबा न जेवताच उठले. खुंटीवरची थैली घेतली. दारात वळून माझ्याकडं बघितलं. “उद्यापासून चित्र-बित्र बंद. त्या बाईला बी मी सांगतो शाळेत येऊन,” म्हणाले. मग थोडं थांबून, “चल माझ्यासंगं. चप्पल घाल.” मला वाटलं, तिकडं गेल्यावर सगळ्यांपुढं मला उभं करणार. पायात चपला नीट जाईनात.

एस्टी स्टँडवर दिवाळीची गर्दी. घनसावंगीहून येणारी गाडी तीच परत फिरायची, तिचीच वाट बघत आम्ही उभे.  थैलीचा बंद आबा एका बोटावर गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत. एकदा म्हणाले, “पाट रिकामा काढला होतास तू.” मी मान हलवली.  कुणीतरी ओळखीचा हमाल ‘राम राम’ म्हणून गेला आणि मला वाटलं, बघा, ह्याला दिसतायत, म्हणजे हायत.

गाडी धुरळा उडवत आली, आणि थांबायच्या आधीच आतून बाईच्या रडण्याचा आवाज आला. साधं रडणं नव्हे, मेलेल्या माणसाचे गुण घेत घेत रडतात तसं, सूर लावून. स्टँडवरची सगळी माणसं वळली. “माझ्या इवायबापूऽऽ, सोन्यासारखा माणूस गेला ओऽऽ! फेट्यापायी बोलले ओ मी, माझी जीभ झडली न्हाई तव्हाऽऽ! पोरीला धाडायची होती ओऽऽ, तुमची वाट बघून राह्यलो ओऽऽ, चुकले ओ मी बापूऽऽ!”

तो आवाज मी मांडवात ऐकला होता. गयाबाई. आबांनीही ओळखला. ते जागचे हलले नाहीत. ज्या एका शब्दासाठी त्यांनी पंचमी घालवली, गौरी घालवल्या, तो शब्द आता गाडीच्या खिडकीतून भर स्टँडवर ओरडून सांगितला जात होता, आणि ऐकायला ते मेलेले होते. त्यांची थैली खाली पडली.

आधी दाजी उतरले, मग आक्का. ती रडत नव्हती. डोळे कोरडे ठक्क, पदर तोंडात धरलेला, चालणं कळसूत्री बाहुलीचं. दाजींनी दंड धरला होता. तिनं समोर बघितलं आणि थांबली. आबा तिथंच उभे, टोपी हातात, थैली पायाशी. आक्का दाजींचा हात सोडून एकटी चालत आली. तिनं आबांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्यांचा हात उचलला, उलटा केला, आणि बोटांची नखं बघितली, एक एक करून. नखांत काळा रंग होता. मग ती मटकन खाली बसली आणि मनावरचं ओझं तिच्या तोंडून असं बाहेर पडलं की कंडक्टरनं शिट्टी तोंडातून काढली. “आबाऽऽ”, एवढंच. आबा तिच्याजवळ धुळीत बसले. आबांना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यांना रडता येतही नव्हतं, नुसतीच मान हलत होती.

इकडं गयाबाई पायरी उतरत होत्या, डोळे पुसत, पुढची ओळ तोंडात घोळवत. समोरचं बघून ती ओळ तोंडातच राहिली. “अगं बया! ह्ये तर बसलेत हितं!” गर्दीत कुणीतरी हसलं. गयाबाईंचा चेहरा लाल झाला, पांढरा झाला, परत लाल झाला. “आन मंग कोपरा? काल सांजेला चढलेली कढई उतरवली मी, चकल्याचं पीठ म्हशीला घातलं! कुणाचं काम ह्ये?” त्यांची नजर माझ्यावर आली. मी दाजींच्या मागं गेले.

आबा उठून उभे राहिले. स्टँडवर, सगळ्या परतूरापुढं, टोपी हातातच. “इहीणबाई, कोपरा मी फाडला. रागात फाडला. माझं नाव तुमच्या घरात यायला नको म्हणून. पोरीची काही चूक न्हाई, तिनं तर बराबर काढलं होतं समदं.”

गयाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. बाई तोंडानं तिखट खरी, पण तळण सोडून, सून सांभाळत, पहिल्या गाडीनं निघून आली होती, हे आता मला समजतं. त्यांनी नाक शिंकरलं, पदर खोचला. “रागात माणसानं ताट फेकावं बापू,” म्हणाल्या. “कोपरा फाडत असतेत का? आता ऐका. मी जे रडले ते रडले. परत म्हणणार न्हाई आन परत घेणार बी न्हाई.”

“नका घेऊ,” आबा म्हणाले. “खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतेत. तुम्ही वाढवलं माझं.”

“मंग चहा पाजा, जिता माणूस हायत तर!” गयाबाई म्हणाल्या, आणि स्टँडवर जो हशा झाला त्यात आबाही हसले. कितीतरी महिन्यांनी. मी दाजींच्या मागून बाहेर आले आणि आक्काच्या कंबरेला मिठी मारली.

माय दारातच उभी होती, कपाळभर कुंकू घेऊन. तिनं आधी आक्काच्या तोंडावरून हात फिरवला, मग पोटावरून. मग गयाबाईंचे पाय धुवायला पाणी आणलं. आबांनी ट्रंक उघडली, तो फेटा काढला आणि काही न बोलता दाजींच्या हातात दिला, मामासाठी. गयाबाई त्या रात्री आमच्याकडं राहिल्या, मायच्या अनारशाला नावं ठेवत चार अनारसे खाल्ले आणि सकाळी दाजींना दिवाळसणाला ठेवून एकट्याच परत गेल्या. सासूच सुनेची मुराळी झाली, असं गल्लीत कितीतरी वर्षं म्हणत.

आक्काला मी विचारलं, “चित्र कसं होतं?”  मग तिनं खरं ते सांगितलं. कार्ड पाकिटातून निघालं, कोपरा दिसला, कुणीतरी नावं वाचली, आणि सासूनं ते लिंबाखाली नेऊन तुकडे करून टाकलं. चित्र कुणी बघितलंच नव्हतं. रिकामा पाटसुद्धा नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी फराळाला हात लावला नाही. इतके दिवस जीव लावून केलेलं, आणि ज्याच्यासाठी केलं त्यालाच दिसलं नाही. आबा हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून येताना त्यांनी स्वच्छ पांढरा पुठ्ठा आणला, माझ्यापुढं टाकला. “काढ परत,” म्हणाले. मी म्हणाले, “चित्र बंद केलंय ना?” तर म्हणाले, “मेलेल्या माणसाचं काय मनावर घेतीस?”

मी परत काढलं. या वेळी मधल्या पाटावर आक्का बसवली. माय हळद कालवत होती, आक्का शेजारी बसून ढगांना कापूस लावत होती. कोपरे मी कोरे ठेवले, कारण मला धीर होत नव्हता. आबांनी मार्क्याचा बारीक कुंचला आणला, काळ्या रंगात बुडवला, आणि वरच्या कोपऱ्यात आपलं नाव काढलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग तिसऱ्या, मग चौथ्या. “आबा, समद्या कोपऱ्यात तुमचंच?” आक्का हसायला लागली. ते म्हणाले, “एका कोपऱ्यावर भरवसा न्हाई राह्यला आता.”

शाळा उघडल्यावर आबा खरंच बाईंना भेटायला आले. मी वर्गात जीव मुठीत धरून बसले होते. साळवेबाईही घाबरल्या होत्या. नव्या गावात एकट्या राहणाऱ्या, त्यात लोकांचं काय काय ऐकून घेऊन तिथवर आलेल्या, आणि समोर पालक उभा. आबांनी पिशवीतून पत्र्याची कापलेली अक्षरं काढून टेबलावर ठेवली, सगळी बाराखडी. “पोरींना नावं काढायला,” म्हणाले. “हिचा ‘क’ चुकला तर मारू नका, माझ्यावर गेलाय.”  बाईंनी ती अक्षरं एक एक करून हातात घेऊन बघितली.

पुढं मीही शाळेत शिकवायला लागले, दर दिवाळीला पोरांकडून कार्डं करून घेतली. हळद, कुंकू, नीळ, काय वाटेल ते लावा, म्हैस काढा, ट्रॅक्टर काढा. नियम एकच होता, कोपरे शाबूत पाहिजेत. आक्काला दर वर्षी आमचं कार्ड जायचं, आणि चारी कोपऱ्यांत आबा असायचे. शेवटी शेवटी त्यांची अक्षरं वेडीवाकडी यायची, पण चारी कोपरे ते सोडत नसत.

ते गेले तेव्हा घरोघर फोन आले होते. कोपरा फाडायची पाळीच आली नाही. मीच आक्काला फोन लावला. कसं सांगावं म्हणून बराच वेळ नुसती ‘आक्का, आक्का’ करत राहिले, आणि मग सांगितलं.   पलीकडून आक्काचा आवाज आला, म्हातारा, चिडका, लहान पोरीसारखा.

“काहीही सांगू नको सुमे. आधी स्टँडवर बघून ये. थैली घेऊन उभे असतेल ते.”

आणि खरं सांगते, मी चपला घातल्या.